उत्तर मुकुटातला तो तारा अजून पेटला का नाही?

माळावरचा | २० एप्रिल २०२५, रात्री ९:५०

मंडळी, गेल्या वर्षभरात "आयुष्यात एकदाच दिसणारा तारा" या मथळ्याचं काहीतरी तुमच्याही फोनवर आलं असेलच. आधी "फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२४", मग "कुठल्याही क्षणी", मग "२७ मार्च २०२५ ला नक्की". २७ मार्चही कोरडाच गेला. मथळेवाले आता दुसऱ्या गोष्टींकडे वळलेत, तेव्हा शांतपणे बोलायला हीच वेळ बरी.

तारा म्हणजे टी कोरोनी बोरिआलिस. पुढे नुसतं टी म्हणतो. उत्तर मुकुट तारकासमूहातला हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, जोडतारा. एक तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेत बटू एकमेकांभोवती २२७.६ दिवसांत फेरी मारतात. अंतर जवळजवळ ३००० प्रकाशवर्षं. एरवी हा दहाव्या प्रतीचा असतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तेवढा तारा ठळक), म्हणजे बायनॉक्युलरलाही जेमतेम. पण साधारण ऐंशी वर्षांनी एकदा काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो. आठ प्रतींची उडी. पॉगसनच्या मोजणीने एक प्रत म्हणजे २.५१२ पट, म्हणून आठ प्रती म्हणजे जवळजवळ १६०० पट तेज. (हा पॉगसन १८६१ पासून शेवटपर्यंत मद्रासच्या वेधशाळेत होता, हे जाता जाता.) शिखरावर तो टिकतो काही तासच. आठवड्याभरात नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो.

कुठे बघायचं: सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेला की नारिंगी स्वाती. स्वातीपासून अभिजितकडे निघायचं, एक तृतीयांश वाटेवर सहा-सात ताऱ्यांची अर्धी वाटी लागते. तोच मुकुट. त्यातला ठळक तो अल्फेका, प्रत २.२. वाटीच्या पूर्वेकडच्या टोकाला एप्सिलॉन आहे, चौथ्या प्रतीचा. त्याच्यापासून अंशभर दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे टी. सध्या रात्री साडेदहाला मुकुट पूर्व-ईशान्येला छान वर आलेला असतो आणि पहाटे दोन-सव्वादोनला जवळजवळ डोक्यावर. टीची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, सुमारे +२६ अंश, आपलं अक्षांश १८-१९, म्हणजे माथ्यापासून सात अंश उत्तरेला. युरोपातल्या निरीक्षकांना असा सरळ डोक्यावर मिळत नाही.

मी सांगतोय ते एवढंच की तारखांच्या मागे लागू नका. आत्ता, तो दिसत नसताना, मुकुट पाठ करून ठेवा. वाटीच्या बाहेर अल्फेकाएवढा दुसरा तारा दिसला तर ओळखता आला पाहिजे. आणि जमेल त्यांनी नोंदी ठेवा. कशा ते विचारलंत तर सांगेन.

---

सांजवात | २० एप्रिल, १०:२५

छान धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: पुण्यात कोथरूडच्या गच्चीवरून दिसेल का? आमच्याकडे सप्तर्षीच मोजून चार दिसतात.

माळावरचा | २० एप्रिल, १०:३१

@सांजवात, चार सप्तर्षी दिसतात ना? मग झालं. ते दुसऱ्या प्रतीच्या आसपासचेच आहेत. टी शिखरावर असताना कोथरूडहून दिसेल. दोन दिवसांनी मात्र बायनॉक्युलर लागेल.

---

रोखठोक सातारकर | २१ एप्रिल, सकाळी ७:१२

सप्टेंबर म्हणाले, नाही झालं. मार्च म्हणाले, नाही झालं. आता म्हणे १० नोव्हेंबर आणि तेही हुकलं तर २५ जून २०२६. आमच्या गावचे जोशीबुवाही असंच करतात, मुलगा झाला तर "सांगितलं होतं", मुलगी झाली तर "ग्रह वक्री होता". फरक काय राहिला? बुवा निदान दक्षिणा कमी घेतात.

खवचट खारूताई | २१ एप्रिल, ७:४०

+१. बुवांच्या घरी चहा पण मिळतो.

---

भौतिकवाली | २१ एप्रिल, दुपारी ३:०५

सातारकर, प्रश्न रास्त आहे, पण दोन वेगळे अंदाज तुम्ही एका पोत्यात भरलेत. आधी आत काय चाललंय ते सांगते.

श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. इथल्या बटूचं वस्तुमान सूर्याच्या १.३७ पट धरतात, आणि एवढं सगळं पृथ्वीहूनही लहान गोळ्यात कोंबलेलं. शेजारचा राक्षसी तारा सूर्याच्या साठ-सत्तर पट फुगलेला. इतका, की बटूच्या ओढीने तो गोल राहिलेला नाही, त्याच्याकडे टोक काढून बसलाय. त्या टोकातून वायू निसटतो, सरळ पडत नाही, बटूभोवती तबकडी करून फिरत फिरत खाली उतरतो आणि पृष्ठभागावर हायड्रोजनचा थर जमायला लागतो.

आता गोम. साधा वायू तापला की फुगतो, फुगला की निवतो. म्हणून सूर्यासारखा तारा स्वतःला सांभाळून जळतो. बटूच्या पृष्ठभागावर थराच्या तळाचा वायू एवढा दाबला गेलेला असतो की तापमान वाढलं तरी तो फुगत नाही. तापला की हायड्रोजनचं ज्वलन वाढतं, ज्वलन वाढलं की आणखी तापतो, आणि मध्ये लगाम घालणारं कोणी नाही. मिनिटांत सगळा थर पेटतो आणि दर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. बटू जागेवरच, राक्षसीही जागेवरच. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा थर जमायला सुरुवात.

थर पेटायला किती माल लागतो हे बटूच्या वस्तुमानावर ठरतं. बटू जड, तर त्याची ओढ जास्त, तर थोड्या मालातच तळाशी पुरेसा दाब. बहुतेक नवताऱ्यांना (असे थर पेटून उजळणाऱ्या ताऱ्यांना) पुढच्या उद्रेकासाठी हजारो वर्षं लागतात, टीला ऐंशी, त्याचं मुख्य कारण हे. दुसरं कारण, राक्षसीचा हात सैल आहे. पण तो हात कधी सैल, कधी आखडता. त्यामुळे "अमुक तारखेला थर भरला" असं कोणीच सांगू शकत नाही.

आता अंदाज. पहिला लुइझियानातल्या ब्रॅडली शेफर यांचा. १९४६ च्या उद्रेकाआधी सातआठ वर्षं टी थोडा जास्त उजळ होता, मग उद्रेकाच्या वर्षभर आधी एकदम मंदावला. या वेळी २०१५ च्या सुमारास तसाच उजळला आणि २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये तसाच मंदावला. म्हणून त्यांनी २०२४.४, म्हणजे २०२४ च्या मेअखेरीच्या आसपास, म्हटलं, चूक ०.३ वर्षांची धरून. ती मुदत टळली. अंदाज चुकला, आणि तो छापून, चुकीच्या पट्ट्यासकट चुकला. जोशीबुवांनी कधी ± लावून कुंडली दिलीये?

दुसरा अंदाज, म्हणजे तुमच्या त्या नेमक्या तारखा, पॅरिसच्या जीन श्नायडर यांचा. १८६६ आणि १९४६ च्या उद्रेकांमध्ये बरोबर १२८ फेऱ्या झाल्या असं धरून पुढच्या तारखा काढल्या. १२७ फेऱ्यांनी २७ मार्च २०२५, १२८ नी १० नोव्हेंबर, १२९ नी २५ जून २०२६. फेरीतल्या ठराविक जागीच थर का पेटावा याला मला पटेल असं कारण अजून दिसलेलं नाही. त्यातून दर साडेसात महिन्यांनी एक तारीख येणारच. या अंदाजापुरते तुमचे जोशीबुवा आणि मी एका बाजूला.

रोखठोक सातारकर | २१ एप्रिल, ३:४८

± वाली कुंडली. हे आवडलं. पण मुद्दा अर्धाच मान्य.

बारावी सायन्स ब | २१ एप्रिल, संध्या. ६:१५

मॅडम, त्या दोघांमधलं अंतर किती? गुगलवर वेगवेगळं देतायत.

भौतिकवाली | २१ एप्रिल, ९:२०

@बारावी सायन्स ब, गुगल कशाला, केप्लरचा तिसरा नियम आहे ना तुला? फेरी २२७.६ दिवस, म्हणजे ०.६२३ वर्ष. वर्ग ०.३८८. दोघांचं मिळून वस्तुमान सव्वादोन ते अडीच सूर्य धर. अडीचने गुण, ०.९७. घनमूळ काढ, ०.९९. एकक पृथ्वी-सूर्य अंतर. सव्वादोन धरलंस तर ०.९६ येईल. म्हणजे आपण सूर्यापासून आहोत जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. आता राक्षसीची त्रिज्या सूर्याच्या सत्तर पट घे आणि त्या अंतराचा कितवा भाग होते ते तूच काढून इथे लिही.

बारावी सायन्स ब | २१ एप्रिल, ९:५८

०.३३. म्हणजे एक तृतीयांश!! बापरे, मग बटूच्या आकाशात तो केवढा दिसत असेल.

भौतिकवाली | २१ एप्रिल, १०:०३

शाब्बास. जवळजवळ ४० अंश रुंद. आपल्याकडे सूर्य अर्ध्या अंशाचा.

---

जुन्या वह्या | २२ एप्रिल, सकाळी ११:३०

इतिहासाची बाजू मी घेतो, तीच मला झेपते.

नीट नोंदवलेले उद्रेक दोनच. १२ मे १८६६ च्या मध्यरात्रीच्या सुमारास आयर्लंडमधल्या ट्यूअमचे जॉन बर्मिंगहॅम घरी परतताना मुकुटात नवा तारा पाहून थबकले. त्यांनी कळवलं विल्यम हगिन्सना, आणि चार दिवसांत हगिन्सनी त्याच्यावर वर्णपटदर्शक लावला. नवताऱ्याचा वर्णपट माणसाने पाहिला तो पहिल्यांदा. त्यात हायड्रोजनच्या रेषा काळ्या नव्हे, झळाळत्या होत्या. भौतिकवालींनी सांगितलेला तो फेकला गेलेला थर, अणुकेंद्राचा शोध लागण्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी लोकांनी असा पाहिला. काय पाहतोय हे कळायचा मात्र प्रश्नच नव्हता.

दुसरा ९ फेब्रुवारी १९४६. सोव्हिएत युनियनमध्ये कामेनचुक नावाच्या रेल्वेच्या लाइनमनने तो पाहिला, वेल्समध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने खिडकीतून पाहिला. पाहिला नाही तो लेस्ली पेल्टियरनी! ओहायोचा हा शेतकरी माणूस, रूपविकारी ताऱ्यांचा जगातला अव्वल निरीक्षक, टीवर वीस-पंचवीस वर्षं नजर ठेवून होता. त्या पहाटे उठले, घसा दुखत होता, सर्दीची चाहूल, बाहेर कडाक्याची थंडी. पुन्हा अंथरुणात शिरले. त्याच रात्री टी पेटला. मला या माणसाबद्दल वाटतं ते लिहिता येत नाही.

आपल्याकडे तेव्हा लोकांचं लक्ष आकाशात असणं कठीणच होतं. १८ फेब्रुवारीला मुंबईत नौसैनिकांचं बंड सुरू झालं, तोवर टी नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला होता.

आणखी दोन जुन्या नोंदी शेफर यांनी खणून काढल्यात: १२१७ च्या शरदात जर्मनीतल्या उर्सबर्गच्या मठाचे बुर्चार्ड, आणि डिसेंबर १७८७ मध्ये इंग्लंडचे फ्रान्सिस वोलास्टन. १७८७ ते १८६६ साडेअठ्ठ्याहत्तर वर्षं, १८६६ ते १९४६ पावणेऐंशी. १९४६ मध्ये पावणेऐंशी मिळवली की २०२५ चा नोव्हेंबर येतो. पण सव्वा वर्षाचा फरक दोन आकड्यांतच दिसतोय, तेव्हा २०२७ उजाडलं तरी मी हैराण होणार नाही.

गोंयकार इन मडगांव | २२ एप्रिल, १:१०

पेल्टियरचं वाचून पोटात खड्डा पडला. आजपासून सर्दी झाली तरी गच्चीवर जाणार.

---

न्यूजर्सीकर | २३ एप्रिल, पहाटे ५:४५

तीन हजार प्रकाशवर्षं म्हणजे स्फोट तर होऊनच गेलाय की. आपण शिळ्या बातमीची वाट बघतोय.

जुन्या वह्या | २३ एप्रिल, ९:१५

एक नव्हे, बऱ्याच बातम्या. तीन हजार वर्षांच्या वाटेवर, दर ऐंशी वर्षांनी एक, असे सदतीस-अडतीस उद्रेकांचे प्रकाश एकामागून एक आपल्याकडे निघालेले आहेत. अर्थात तो इतकी वर्षं तेवढ्याच ठेक्यावर चालला असेल तर. आता जो यायचाय तो निघाला तेव्हा शिरूरजवळ इनामगावला घोड नदीच्या काठी जोर्वे संस्कृतीचे लोक राहत होते, सातू पिकवत होते.

खवचट खारूताई | २३ एप्रिल, ९:३०

म्हणजे पुढचे तीन हजार वर्षं हा धागा वर येत राहणार.

---

नागपुरी संत्रं | २४ एप्रिल, रात्री ११:०५

काहून पुण्या-मुंबईचंच चाललंय? आमचं पेंच बघा. २०२४ पासून भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे ते. मागच्या अमावस्येला गेलो होतो, मुकुटाची पूर्ण वाटी मोजून सात तारे डोळ्यांनी दिसून राहिले होते. साथीदाराच्या चार इंची दुर्बिणीतून टी पण पाहिला. खरं सांगू का, काहीच नाही हो. एक फिकट तांबूस ठिपका, शेजारी तसेच दोन-तीन. नकाशा नसता तर ओळखलाच नसता.

माळावरचा | २४ एप्रिल, ११:४०

@नागपुरी संत्रं, तो तांबूसपणा राक्षसीचा. शांत काळात दिसतो तो प्रकाश बहुतेक त्याचाच, बटू त्यात हरवलेला असतो. त्याची फिरणारी लंबुळकी बाजू दिसते तेव्हा टी थोडा उजळ, टोकाची बाजू समोर आली की थोडा मंद. एका फेरीत हे दोनदा होतं, म्हणजे ११४ दिवसांनी एकदा. चिकाटीने नोंदी ठेवल्या तर चार इंचीतूनही हा हेलकावा सापडतो. पुढच्या अमावस्येला पुन्हा गेलात तर प्रत काढून या.

नागपुरी संत्रं | २५ एप्रिल, ७:००

प्रत काढायची कशी बे पण?

माळावरचा | २५ एप्रिल, रात्री ८:३०

याचीच वाट बघत होतो.

एएव्हीएसओ, म्हणजे अमेरिकेतली रूपविकारी तारे बघणाऱ्यांची जुनी संघटना, १९११ ची. त्यांच्या संकेतस्थळावर टीचा नकाशा फुकट मिळतो. नकाशावर टीभोवतीच्या ताऱ्यांशेजारी ९८, १०२, १०६ असे आकडे असतात, म्हणजे ९.८, १०.२, १०.६. टिंब देत नाहीत, कारण छापलेल्या नकाशावर टिंब दिसलं की ताराच वाटतो. आता टीपेक्षा जरा उजळ एक तारा शोध, जरा मंद एक शोध, आणि दोघांच्या मध्ये टी कुठे बसतो ते ठरव. ९.८ आणि १०.२ च्या बरोबर मध्ये वाटला, तर १०.०. झालं. एवढंच.

दोन पथ्यं. तारा तांबडा आहे, त्याच्याकडे टक लावून बघितलं की तो डोळ्यात उजळत जातो आणि तुझी प्रत फुगते. झटकन बघ, नजर हलव, पुन्हा झटकन बघ. दुसरं, कालची नोंद बघून आज अंदाज करू नकोस. काल १०.० लिहिलं असलं की आजही १०.० च दिसायला लागतं.

आणि नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांनी "दिसला नाही" हेही लिहायचं, मात्र मुकुटातला सर्वात मंद कुठला तारा दिसला ते सोबत हवं. चौथ्या प्रतीचा एप्सिलॉन दिसत होता आणि टी नव्हता, याचा अर्थ त्या घटकेला तो चारच्या खाली होता. उद्रेक काही तासांत चढतो. जगात एखाद्याच कोपऱ्यात तेव्हा रात्र आणि उघडं आकाश असेल. तुमची "नाही" ची नोंद आणि तीन तासांनी दुसऱ्या कोणाची "आहे" ची, यांच्यामध्ये सुरुवात सापडते. १९४६ ला चढण नीट कोणाला मिळालीच नाही.

बंगालमधल्या (आता बांगलादेशातल्या) जेसोरच्या कलेक्टर कचेरीत खजिन्यावर काम करणारे राधागोविंद चंद्र दिवसा नाणी मोजत, रात्री तारे. एएव्हीएसओकडे त्यांनी ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण समुद्रापार पाठवून दिली. ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बापूंकडे गेली. कोणी कचेरीचं कारण सांगू नये म्हणून हे लिहिलं.

---

धावती लोकल | २ मे, संध्या. ७:५५

सुपरनोव्हा, म्हणजे अख्खा बटूच उडवणारा महास्फोट, नाही ना होणार याचा? बटू १.३७ सूर्यांएवढा आणि चंद्रशेखर मर्यादा, म्हणजे बटूच्या वजनाची कमाल हद्द, १.४४, म्हणजे अगदी काठावर की हो.

भौतिकवाली | २ मे, ९:४०

चांगला प्रश्न, आणि यावर दोन तट आहेत. प्रत्येक उद्रेकात बटू जमवलेलं सगळं फेकतो की थोडं राखून ठेवतो, यावर सगळं अवलंबून. राखत असेल तर वस्तुमान वाढत वाढत मर्यादेला टेकेल. जास्तच फेकत असेल, म्हणजे स्वतःचीही साल काढून देत असेल, तर कधीच टेकणार नाही. शिवाय बटू कार्बन-ऑक्सिजनचा आहे की ऑक्सिजन-निऑनचा यावरही ठरतं, दुसऱ्या प्रकारचा असला तर मर्यादेला पोचूनही महास्फोट न होता कोसळू शकतो. उद्रेकाआधीची आणि नंतरची फेरी काटेकोर मोजली की किती वस्तुमान गेलं ते कळतं. फेरी लांबली तर भरपूर फेकलं. म्हणूनच आधीच्या नोंदी इतक्या लागतात. आपल्या हयातीत काही होणार नाही, निर्धास्त लोकल पकडा.

---

नारायणगावचा शेतकरी | ४ मे, सकाळी ६:३०

आमच्या शिवारातून खोडदच्या तबकड्या दिसतात, ४५ मीटरच्या, एकूण तीस आहेत. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. रेडिओ लहरींना ढगांचं काही नसतं, भर पावसातही त्यांचं काम चालतं. याआधी त्यांनी असाच एक तारा पकडला होता असं ऐकून आहे. कोणी सांगेल का?

भौतिकवाली | ४ मे, ११:१०

काका, बरोबर ऐकलंत. तो आरएस ऑफियुची, भुजंगधारीतला, टीचा चुलतभाऊच. तिथेही राक्षसी आणि जड बटू, पण तो दर दहा-वीस वर्षांनी पेटतो. २००६ च्या उद्रेकात जीएमआरटीने १.४ गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरी त्याच्याकडून येताना पाहिल्या, एवढ्या कमी वारंवारितेला त्या तोवर कोणी पकडल्या नव्हत्या. एनसीआरए या जीएमआरटी चालवणाऱ्या संस्थेच्या निमिषा कंठारिया आणि सहकाऱ्यांचं काम. राक्षसी ताऱ्यातून सतत वारा वाहत असतो, त्यात उद्रेकाचं कवच घुसलं की धडक बसते, आणि त्या धडकेतले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आरएस पुन्हा पेटला तेव्हा त्याच धडकेतून अतिऊर्जावान गॅमा किरणही मिळाले, नामिबियातल्या आणि कॅनरी बेटावरच्या दुर्बिणींना. नवताऱ्याकडून एवढ्या ऊर्जेचे ते पहिलेच. टी त्याच्यापेक्षा आपल्याला जवळ. आता आपल्याकडे लडाखमध्ये हानलेला बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) २१ मीटरची मेस ही गॅमा किरणांची दुर्बीण ऑक्टोबर २०२४ पासून रीतसर सुरू झालीये. टी पेटला की तिचा पहिला मोठा सण.

नारायणगावचा शेतकरी | ४ मे, ११:५०

आभारी आहे ताई. आमच्याकडे मोबाइल टॉवर नाही, कारखाने नाहीत म्हणून पोरं कुरकुरतात. त्यांना हे वाचून दाखवतो.

---

सांजवात | २६ मे, रात्री ९:०५

धागा वर काढते. मुंबईत आज मान्सून आला म्हणे, इतक्या लवकर कधीच आला नव्हता. पुण्यात आठवडाभर आभाळच उघडलं नाही. आता सप्टेंबरपर्यंत टी पेटला तर आपण बसायचं का टीव्हीवर बघत?

माळावरचा | २६ मे, ९:४५

मलाही तीच धास्ती. ऑगस्टअखेरपर्यंत मुकुट संध्याकाळीच वर असतो, आणि नेमके तेच दिवस ढगांचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिमेला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य त्याच रेषेत येतो, पण टी सूर्यापासून बराच उत्तरेला असल्याने पुरता हरवत नाही. संध्याकाळी मावळतीला थोडा वेळ आणि पहाटे उगवतीला थोडा वेळ, दोन्हीकडे क्षितिजालगत सापडतो. डिसेंबरपासून पहाट आपलीच.

पावसाळ्यातलं शिखर हुकलं तरी खेळ संपत नाही. १८६६ ला आणि १९४६ ला, दोन्ही वेळा, मंदावल्यावर साडेतीन महिन्यांनी टी पुन्हा आठव्या प्रतीपर्यंत उजळला होता आणि बरेच दिवस तसा राहिला होता. जूनमध्ये पेटला तर ते ऑक्टोबरात येईल, साध्या बायनॉक्युलरमध्ये. तापलेल्या बटूच्या उजेडात राक्षसीची एक बाजू न्हाऊन निघते म्हणून असं होतं, असं एक स्पष्टीकरण आहे. मला तर या दुसऱ्या उजाळ्याचीच जास्त उत्सुकता आहे, पहिला सगळं जग बघणारच आहे.

आणि ढग असतील तेव्हा "दिसला नाही" लिहू नका हं. आकाश दिसलं नाही तर ती नोंदच नव्हे.

गोंयकार इन मडगांव | २७ मे, ७:३०

आमच्याकडे तर मेघराजाने बैठकच मारलीय. वाटी काय, चंद्र दिसला तरी नमस्कार करीन.

---

रोखठोक सातारकर | २१ जून, रात्री ११:५५

यवतेश्वरच्या घाटात ढग तासभर उघडले. मुकुट दिसला, एप्सिलॉन दिसला, टीच्या जागी काही नाही. जोशीबुवांना सोबत नेलं होतं, त्यांनी स्वाती बरोबर दाखवला, मान्य. ही घ्या माझी "नाही" ची नोंद. कुठे पाठवू?

माळावरचा | २२ जून, सकाळी ६:४०

@रोखठोक सातारकर, उत्तम. पण वेळ कुठेय? "तासभर" चालत नाही, किती वाजून किती मिनिटं ते हवं. तेही आपल्या वेळेत नको, साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेत. खातं उघडलंत की निरीक्षकाचा कोड मिळेल, तो घेऊन फॉर्ममध्ये टीच्या नावासमोर ४.१ लिहा आणि "याहून मंद" वर खूण करा.

रोखठोक सातारकर | २२ जून, ७:०२

१०:४० ते ११:३०. वजाबाकी करतो. बुवांचं नाव घालता येतं का त्यात?